हे झाड माझं नाही

"हे झाड माझं नाही," आई म्हणाली, आणि ओला ब्रश तसाच हवेत धरून बसली.

चहा घेऊन आलेल्या सुनेच्या हातातला कप बशीत किंचित वाजला. तिनं तो चित्रापासून लांब, खिडकीच्या कडेला ठेवला. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला शिकवलेली पहिली शिस्त तीच होती.

"कुठलं झाड, आई?"

"हे. समोरचं. भिंतीवरची."

समोर मातीचा एक पसरट परळ होता. परळात अर्धी वीट आणि विटेच्या भेगांतून निघून तिच्या अंगावर लोळणारी एक नाजूक वेल. पानं करंगळीच्या नखाएवढी, आयव्हीच्या पानासारखी पाचकोनी. फुलं फिकट जांभळी, ओठावर दोन पिवळे ठिपके. पुस्तकात तिला आयव्हीपानी भिंतफूल म्हणायचं ठरलं होतं, पण घरात सगळे तिला नुसतं 'भिंतीवरची' म्हणत, कारण अण्णांनी, म्हणजे सुनेच्या सासऱ्यांनी, ती भिंतीवरूनच आणली होती. ते शिकवत त्या शाळेची मागची भिंत पाडायला घेतली, तेव्हा मजूर जेवायला बसलेले पाहून अण्णांनी विटेसकट तिला कोटाच्या खिशात घातलं आणि चोरासारखे घरी आले. पुढच्या हिवाळ्यात अण्णा गेले. वेल राहिली, आणि या वर्षी पहिल्यांदा भरभरून फुलली.

आईचं पुस्तक तिच्यासाठीच अडलं होतं. आयव्हीसारख्या पानांची रानफुलं, एवढाच त्या पुस्तकाचा विषय. बांधावरची निळ्या डोळ्यांची, दलदलीतली घंटेसारखी, चिखलात तरंगणारी पांढरी, सगळ्यांची चित्रं होऊन प्रकाशनाकडे गेली होती. राहिली होती ही एकटी. चित्र खालून अर्ध्यापर्यंत रंगलं होतं. वर अजून पेन्सिलीच्या रेषा होत्या.

"मी दोन दिवस बेबीकडे गेले होते, तेव्हा कुणी आलं होतं का गं इथे?"

"कोण येणार, आई? मी होते. हे येऊन-जाऊन होते."

"हं," आई म्हणाली.

आईचा हा 'हं' घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता. लहानपणी तिची मुलगी बेबी चित्र दाखवायला आणायची आणि नुसता 'हं' आला, की बाहेर जाऊन कागद फाडून टाकायची.

सुनेनं चहा गार होईल एवढंच म्हटलं आणि ती खोलीबाहेर आली. मागं दार ओढून घेताना तिला दिसलं, आई खुर्ची पुढं सरकवून झाडाकडे बघत होती. चित्र काढताना बघायची तसं नव्हे. दारात आलेल्या अनोळखी माणसाला दार उघडावं की नाही, असं बघत होती.

*

"त्यांना कळलं," संध्याकाळी सून म्हणाली.

दादा, तिचा नवरा, दुकान बंद करून नुकताच आला होता आणि बूट काढत होता. औषधांचं दुकान त्याचं. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी आला, की अर्धा तास त्याच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता. आज तिनं तो मोडला.

"काय कळलं?"

"झाड बदललंय ते. ब्रश हातात घेतला आणि म्हणाल्या, हे माझं नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? गप्प राहिले."

"शाबास."

झालं होतं ते असं. आई बेबीकडे गेली त्या दिवशी सुनेनं तिच्या खोलीच्या खिडकीच्या काचा धुवायला काढल्या. अण्णा गेल्यापासून दोघं नवरा-बायको आईच्या सोबतीला परत इथंच राहायला आली होती, आणि ती काच इतकी मळली होती की आई कशी काय रंग बघते याचंच तिला आश्चर्य वाटायचं. स्टुलावरून उतरताना पायाचा धक्का लागला आणि फिनेलच्या पाण्याची बादली टेबलावर कलंडली. चित्र ड्रॉवरमध्ये होतं म्हणून वाचलं. परळ मात्र काठोकाठ भरला. तिनं तो उपडा केला, चार वेळा स्वच्छ पाणी घालून निथळला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेल उकडलेल्या पाल्यासारखी काळी पडली होती.

तिनं तेव्हाच म्हटलं होतं, आईंना सांगून टाकू. दादानंच अडवलं. "अण्णा गेले तेव्हा ती रडली नाही. या वेलीसाठी रडेल. बघवेल तुला?" मग तो दुकानाच्या गोदामामागच्या जुन्या भिंतीवरून तसलीच वेल सुरीनं सोडवून घेऊन आला आणि बाह्या वर सारून, जीभ दातांत धरून, तिची मुळं त्याच विटेच्या भेगांत बसवली. शाळेतल्या मुलासारखा दिसत होता तो. सुनेला त्या वेळी तो फार आवडला होता.

"उद्या सांगू या," ती आता म्हणाली. "अजून उशीर झाला नाही."

"आता सांगितलं तर आपण दोघंही खोटारडे ठरू." दादा खुर्चीत बसला. "आणि तिला कळलं, असं तुला का वाटतं? तिला रोज काही ना काही वेगळं वाटतंच. मागच्या महिन्यात गॅस उघडा ठेवून फिरायला गेली. शेजारणीला मावशीच्या नावानं हाक मारली. मावशीला जाऊन किती वर्षं झाली? परवा मला एकाच तासात दोनदा विचारलं, दुकानाचं छत दुरुस्त झालं का म्हणून."

"ते खरंय. पण हे झाड खरंच बदललंय ना."

"बदललंय. पण ते तिला कळणार कसं? तूच सांग, तुला फरक दिसतो?"

तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. तेच पान, तेच फूल, तीच वीट. "नाही."

"मग?"

तिनं त्याचे बूट उचलून दाराशी ठेवले.

"माझ्या दुकानात रोज येतात असे लोक," दादा हळू आवाजात म्हणाला. "सुरुवात अशीच होते. हे घर माझं नाही, ही चादर माझी नाही, चोर येऊन गेला. मी रविवारी बेबीला आणि धाकट्याला बोलावतो. डॉक्टरांना दाखवायचं ठरवू, आणि ते पुस्तकही आता पुरे."

तो मनापासून घाबरला होता, हे तिला दिसत होतं. म्हणूनच तिला त्याच्याशी भांडता येईना.

*

रविवारी बेबी आली ती सरळ स्वयंपाकघरात. बेबीनं चाळिशी कधीच ओलांडली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. शाळेच्या पुस्तकांत ती चित्रं काढायची: बेडकाचं जीवनचक्र, ज्वालामुखीचा छेद. हात आईचाच, फक्त घाईचा. आजच्या पिशवीत तिनं रंगांची पेटी टाकली होती. लागली तर असावी म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

"वहिनी, काय चाललंय?"

"कुठं काय? भाजी चिरतेय."

"दादा फोनवर म्हणाला, आई झाडं ओळखेनाशी झाली. माझ्याकडे दोन दिवस होती तेव्हा तर खिडकीतनं समोरच्या छपरावरचं गवत बघून त्याच्या तीन जाती सांगितल्या तिनं."

"विसरतात गं मधूनमधून."

"विसरणं वेगळं." बेबीनं एक गाजर उचललं. "आणि तू माझ्याकडे बघत का नाहीस?"

सुनेनं मान वर केली. डोळे लाल होते. "कांदा," ती म्हणाली.

बेबीनं पाटावर पाहिलं. कांदा अजून सोलायचा होता. तिनं काही न बोलता गाजर खाल्लं. कुठंतरी पाणी मुरत होतं खास. दादाला पुस्तक बंद पाडायचं होतं का? की या दोघांना आईच नकोशी झाली होती, आणि आधी तिला वेडी ठरवायचं चाललं होतं? वहिनीबद्दल असं मनात आणणं बेबीला जड गेलं. पण आलं ते आलं.

तेवढ्यात धाकटा भाऊ आला. नाटकांना प्रकाशयोजना करायचा म्हणून घरात त्याचं नाव बत्ती पडलं होतं. रविवारी त्याचा प्रयोग असायचा, तो सोडून आला होता, म्हणजे प्रकरण गंभीर असणार हे त्याचं त्यालाच कळून चुकलं होतं, आणि म्हणूनच तो नेहमीपेक्षा जास्त विनोद करत होता.

"वहिनी, आज जेवायला काय? की नुसतीच पंचायत?"

"हळू बोला, भाऊजी. आई आत आहेत."

"मला ऐकू येतं," आतून आई म्हणाली. "ते अजून शाबूत आहे."

*

जेवताना कुणी विषय काढला नाही. बत्तीनं नाटकातल्या एका राजाची गोष्ट सांगितली. तो मरून पडला होता आणि त्याच्यावरचा दिवा विझेचना, म्हणून बिचाऱ्याला मेल्या मेल्या शिंक दाबावी लागली. बेबी हसली. दादा हसला नाही. आईनं ताटातला भात तसाच ठेवला आणि हात धुऊन परत येऊन बसली.

"बोला आता," ती म्हणाली. "एवढी सगळी माझा चेहरा बघायला तर आला नाहीत."

दादानं घसा साफ केला. "आई, कुणी तुझ्यावर आरोप करत नाहीये."

"म्हणजे करतोयस."

"तसं नाही गं. तू थकली आहेस. अण्णांच्या मागं एक दिवस विश्रांती घेतली नाहीस. गॅसचं तुला माहीतच आहे. आता तू म्हणतेस झाड बदललं. कोण बदलेल? कशासाठी? भिंतीवर उगवणारं झाड ते, फुकट मिळतं. त्याची कोण चोरी करेल?"

"तेच मी गुरुवारपासून विचारतेय. कशासाठी?"

"म्हणून माझं म्हणणं, एकदा डॉक्टरांना दाखवू. आणि शेवटचं चित्र राहू दे. नाहीतर बेबी करेल."

आईनं बेबीकडे पाहिलं. "तू करशील?"

"मी... तुला हवं असेल तर."

"पेटी आणलीयेस?"

बेबी गोरीमोरी झाली. पिशवी तिच्या पायाशीच होती, आणि पेटीचा कोपरा वर आलेला सगळ्यांना दिसत होता.

"अस्सं," आई म्हणाली.

बत्तीनं मध्ये तोंड घातलं. "आई, एक विचारू? तुला कशावरून वाटतं झाड बदललंय? म्हणजे खूण काय?"

आईचं खरं दुखणं तेच होतं. गुरुवारी ब्रश टेकवताना तिला ते कळलं, जसं जिन्यावरच्या पावलांवरून माणूस कळतो. पण कशावरून कळलं ते तिला सांगता येत नव्हतं. तीन दिवस ती स्वतःचीच उलटतपासणी घेत होती. अंघोळ करताना झाडांची नावं एकामागून एक म्हणून बघायची. एखादं अडलं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आपल्याला वेड लागतंय का, आणि लागत असेल तर ते आपल्याला कळेल का? आणि लागत नसेल, तर मग या घरात रोज आपल्या हातात चहा देणारं, आपली चादर बदलणारं कोणीतरी आपल्याशी खोटं बोलतंय. दोन्हींतलं बरं कुठलं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"चला," ती उठली. "खोलीत चला सगळे. मी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल तिथं येते."

*

खोली लहान होती. पाच जण उभे राहिल्यावर हलायला जागा उरली नाही. टेबल भिंतीला लावलेलं, डाव्या हाताला खिडकी. आईनं ड्रॉवरमधून चित्र काढलं आणि परळाशेजारी उभं केलं. मग चष्मा पुसला, खुर्चीवर बसली आणि आधी झाड, मग चित्र, मग झाड, असं बघत राहिली.

खूप वेळ गेला. बत्तीनं एक पाय बदलला. दादानं बायकोकडे पाहिलं. नजरेत 'बघितलंस?' असं होतं. सुनेनं मान फिरवली.

"पानं सारखीच आहेत," आई शेवटी म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"आई, असू दे आता," दादा तिच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला. हात मऊ होता. "चुकतं माणसाचं."

"थांब."

तिनं त्याचा हात बाजूला केला, एखादी माशी उडवावी तसा. मग खाली वाकून वेलीच्या देठांकडे पाहू लागली.

"बेबी, इकडे ये. हिचं फूल उमलतं तेव्हा देठ कुणीकडे वळतो?"

"उजेडाकडे."

"आणि बी धरल्यावर?"

"उलट. अंधाराकडे. भेग शोधतो आणि स्वतःच बी भिंतीत पेरतो." बेबीला हे लहानपणीच अण्णांनी दाखवलं होतं.

"एकदा वळलेला, लाकूड झालेला देठ परत फिरतो?"

"नाही. तो तसाच राहतो."

"आता चित्र बघ. गेल्या महिन्यात काढलंय मी. फुलं कुठं बघतायत?"

"खिडकीकडे. डावीकडे."

"आणि बियांचे देठ?"

"उजवीकडे. विटेच्या मागं घुसलेत."

"आता झाड बघ."

बेबीनं पाहिलं आणि ती परळाशी आणखी खाली वाकली. नव्या दोन-तीन कळ्या खिडकीकडे झुकायला लागल्या होत्या. पण बी धरलेले जुने देठ, सगळेच्या सगळे, डावीकडे ताणलेले होते. खिडकीकडे, भर उजेडात. अंधार समजून ते जिथं शिरायला निघाले होते, तिथं लखलखीत काच होती.

"हे झाड दुसऱ्या कुठल्यातरी भिंतीवर वाढलंय," आई म्हणाली. "तिथं उजेड या बाजूनं यायचा."

"कुणी परळ फिरवून ठेवला असेल," दादा पटकन म्हणाला. "पुसताना वगैरे."

"मग वीट पण फिरली असती." बत्ती पुढं झाला होता. त्यानं चित्राशेजारी डोकं नेलं. "विटेचा तुटका कोपरा चित्रातही पुढं आहे आणि इथंही पुढं आहे. वीट जागच्या जागी, झाड मात्र उलटं. आई, हे शंभर टक्के दुसरं झाड आहे."

आईनं डोळे मिटले. क्षणभर तिचा चेहरा एखाद्या मुलीसारखा मोकळा झाला. आपण वेडे नाही. मग डोळे उघडले तेव्हा दुसरं उरलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं. म्हणजे घरातलंच कुणीतरी.

तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. ती बेबीवर थांबली.

"तू," आई म्हणाली.

"काय?"

"मला दोन दिवस आग्रहानं घरी ठेवून घेतलंस. 'आई, राहा गं, राहा गं.' आज रंग घेऊन आलीस. पुस्तकावर तुझं नाव हवं होतं, तर तोंडानं मागायचं. मी दिलं असतं."

"आई! मी तुझ्याबरोबर होते ते दोन दिवस. मी झाड कसं बदलणार?"

"किल्ली आहे तुझ्याकडे. दुपारी मी झोपले की कुठं जायचीस?"

"भाजी आणायला!" बेबीचा आवाज चिरकला. "दादा, तू तरी सांग हिला."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

दादानं कपाळावर हात फिरवला आणि म्हणाला, "आता कोणी केलं ते उगाळण्यात काय अर्थ आहे? झालं गेलं. आपण बाहेर बसू."

सून त्याच्या शेजारीच उभी होती. गुरुवारी त्यानं आईला विसराळू ठरवलं तेव्हा तिनं ऐकून घेतलं होतं, कारण त्यात काळजी होती. आता तो बहिणीवर आलेला आळ जमिनीवर पडू देत होता, आणि तो उचलायला खाली वाकतही नव्हता. त्याच्या मानेवर घाम आलेला तिला दिसला. या माणसाच्या खोटेपणाला आपण चार दिवस चांगुलपणा म्हणत होतो, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्यात आपला अर्धा वाटा होता, हेही.

"बेबीनं नाही केलं," ती म्हणाली. "मी केलं."

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"नाही बसणार. आई, माझ्या हातून फिनेलची बादली सांडली. तुमची वेल मेली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून यांनी गोदामामागून दुसरी आणून लावली. गुरुवारी तुम्ही ओळखलंत तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोलले नाही."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मी तुझ्या भल्यासाठीच," दादानं सुरुवात केली.

"मेली ती मेली," आई म्हणाली. ती दादाकडे बघत नव्हती, वेलीकडे बघत होती. "झाडं मरतात. ही इतकी जगली तेच खूप. तू आणलीस, लावलीस, तेही समजू शकते मी. लहानपणी माझा पेला फोडलास तेव्हाही दुसरा आणून ठेवला होतास. पण गुरुवारपासून मी भिंतीला टेकून स्वतःला विचारतेय, मला वेड लागलंय का. आणि तू मघाशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, चुकतं माणसाचं."

दादा आईकडे वळला. "आणि गॅस? तो पण मीच उघडा ठेवला होता का? शेजारणीला मावशी कोण म्हणालं? मी खोटं बोललो असेन, पण मी घाबरलोय ते खोटं नाही. अण्णा गेल्याचं कळलं तसं एका सकाळी मला तुझंही कळायला नकोय."

बत्तीनं खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही," आई सावकाश म्हणाली. "तो गॅस माझाच होता."

मग ती बेबीकडे वळली. पण बेबीनं पिशवी खांद्याला लावली होती.

"बेबी, मी..."

"तुला चौघांत पहिली शंका माझी आली," बेबी म्हणाली. ती रडत नव्हती. "वहिनीची नाही, दादाची नाही. माझी." दाराशी ती सुनेजवळ थांबली. "आणि मी तुला काय काय समजले होते ते सांगितलं तर तू मला घरात घेणार नाहीस, वहिनी. जाऊ दे." आणि ती गेली.

बत्ती तिला सोडायला म्हणून मागोमाग धावला.

आईनं चित्र कोऱ्या कागदात गुंडाळलं. वरचा भाग पेन्सिलीचाच ठेवून ती ते तसंच पाठवणार होती. अण्णांची वेल जिथवर होती तिथवर रंग. प्रकाशनातल्या संपादकबाई काय म्हणायचं ते म्हणोत.

"डॉक्टरांची वेळ घे," ती दादाला म्हणाली. "जाईन मी. पण तू बरोबर येऊ नकोस. ही येईल."

*

दादानं दोघींना गाडीनं दवाखान्यापर्यंत सोडलं आणि तो गाडीतच बसून राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही. आठवडाभर घरात कामापुरतंच बोलणं चाललं होतं. बेबीनं फोन उचलला नव्हता. आईनं तिला रोज एकदा केला होता.

डॉक्टर तरुण होती. तिनं वार विचारला, महिना विचारला, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत म्हणायला लावले. आईला चार आले. पाचवा तिनं फार शोधला. बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या सुनेला तो येत होता, आणि तो जिभेवर धरून गप्प राहणं तिला बादली उचलण्याहून जड गेलं.

"आता एक घड्याळ काढा," डॉक्टर म्हणाली. "सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. सावकाश."

आईनं पेन्सिल हातात घेऊन टोक तपासलं. मग एका दमात वर्तुळ काढलं, कंपासनं काढल्यासारखं. डॉक्टर कौतुकानं हसली. "वा! चित्रकार आहात का?"

"फुलं काढते," आई म्हणाली. "घड्याळं नाही."

तिनं आकडे घातले, काटे काढले, आणि पेन्सिल खाली ठेवली. डॉक्टरला फोन आला म्हणून ती खिडकीशी जाऊन बोलू लागली. आईनं कागद हळूच सुनेकडे सरकवला.

"नीट बघून सांग. बरोबर आहे?"

सुनेनं पाहिलं. काटे अचूक होते. आकडे सुबक होते, छापल्यासारखे. बारापासून बोट न लावता ती नजरेनं फिरत गेली, सातापर्यंत आली आणि थांबली. सातानंतर नऊ होता. मध्ये थोडीशी जागा होती.

तिनं आईकडे पाहिलं. आई वाट बघत होती. डोळे अगदी स्वच्छ होते. 'बरोबर आहे' हे शब्द सुनेच्या तोंडात तयार होते, आणि ते म्हणणं किती सोपं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"आठ नाहीये, आई."

आईनं कागद ओढून घेतला. चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. पेन्सिल उचलून टोक त्या रिकाम्या जागेवर नेलं. जागा पुरेशी होती, सहज बसला असता. टोक तिथं जरा वेळ थांबलं.

डॉक्टर फोन ठेवून परत आली. "झालं?"

आईनं पेन्सिल टेबलावर ठेवली आणि कागद तसाच तिच्यापुढं केला.

"यात आठ राहिलाय," ती म्हणाली. "मला दिसला नाही. हिनं सांगितलं. तसं लिहून घ्या."